आज कॅश, उद्या उधार: परक्याचं गाणं आपलं कसं होतं?

खर्जातला_सा (धागाकर्ता)
अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचं 'हर्ट' मुळात कॅशचं नाही, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल' अल्बममधलं ते शेवटचं गाणं, लिहिलेलं त्यांच्या ट्रेंट रेझ्नरने. निर्माता रिक रुबिनने ते कॅशच्या गळी उतरवलं आणि २००२ साली 'अमेरिकन ४' मध्ये ते आलं. गायकाचं वय तेव्हा सत्तर. शब्द जवळपास तेच, चाल तीच. तरीही हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं खुद्द रेझ्नरने म्हटलं.

प्रश्न दोन आहेत.
१) बदललं नेमकं काय? 'आवाजातला दर्द' हे उत्तर बाद. कुठला सूर काढला, कुठला कॉर्ड घातला, लयीचं काय केलं ते सांगा.
२) एक गिटार, एक पेटी आणि एक तालवाद्य एवढ्यावर हे बसवायचं तर कसं बसवावं?

इतर कंट्री कव्हर्सची (दुसऱ्याचं गाणं नव्याने गायलेल्यांची) उदाहरणं आली तर उत्तमच.

झोपाळू_मांजर
शीर्षकाला दंडवत. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सहा_तारा
पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कॉर्डांत आहे.

मूळ गाण्यात कडव्यामागची गिटार मुद्दाम बोचरी ठेवलीय. तिथे ट्रायटोन आहे. आपल्या भाषेत, षड्ज धरून त्यावर तीव्र मध्यम. हा सूर पुन्हा पुन्हा येऊन बसतो आणि त्याची सोडवणूक होत नाही. कॅशच्या गाण्यातून तो सूरच हद्दपार झालाय. उरले ते साधे तीन कॉर्ड: ए मायनर, सी, डी.

आता हे तीन नीट बघा. ए म्हणजे पांढरी सहा षड्ज धरली, तर ए मायनर आणि सी मधून कोमल गंधार आणि कोमल निषाद मिळतात. डी मेजरमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध धैवत. झाला काफी थाट. खर्जाची बोटंही सा, कोमल ग, म अशी तीन पायऱ्या चढतात आणि दर वेळी पुन्हा पायथ्याशी येतात. कडवंभर हेच.

ध्रुवपदात क्रम होतो ए मायनर, एफ, सी, जी. एफ आला की शुद्ध धैवताच्या जागी कोमल धैवत. काफीतून आसावरीत! गाणाऱ्याने तोवर आवाज फारसा चढवलेलाही नसतो, पण पायाखालची जमीन अर्ध्या सुराने खचते. ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीला पोटात जे खड्डा पडल्यासारखं होतं, ते या अर्ध्या सुरामुळे.

म्हणूनच सगळ्यांत मोठी चूक म्हणजे कडव्यात डी ऐवजी डी मायनर वाजवणं. 'गाणं दुःखी आहे, म्हणजे सगळे कॉर्ड मायनर असणार' असं धरून खूप जण तेच करतात. डी मायनरमध्ये कोमल धैवत आहे. तो आधीच सांडून ठेवलात, तर ध्रुवपदात द्यायला हातात काय उरणार?

वाजवताना: ए मायनरला पाचवी तार मोकळी, सी ला त्याच तारेचा तिसरा पडदा, डी ला चौथी तार मोकळी. अंगठा खर्जावर, दुसरी, तिसरी, चौथी तार बोटांनी एकेक (डी ला पहिली, दुसरी, तिसरी). एफ ला पूर्ण बार धरू नका, पकड बदलताना आवाज तुटतो. पहिली तार मोकळी ठेवून एफ मेजर सेव्हन धरा. मोकळ्या तारेचा 'ई' आधीच्या ए मायनरमधून तसाच वाहत येतो.

हार्मोनियमवाली_काकू
व्वा सहा_तारा! डी मायनरचा मुद्दा वहीत लिहून ठेवावा असा.

अनवट
थोडा वेगळा सूर. सगळा परिणाम व्हिडिओचा आहे. मार्क रोमानेकने हेंडरसनव्हिलमधल्या बंद पडलेल्या, पडझड झालेल्या कॅश संग्रहालयात चित्रीकरण केलं, तरुण कॅशचे जुने तुकडे मधे पेरले, जिन्यावर उभी असलेली त्याची बायको जून कार्टर दाखवली. पुढे १५ मे २००३ ला ती गेली आणि १२ सप्टेंबरला तो. हे सगळं डोक्यात ठेवून ऐकल्यावर कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. त्यात काफी नि आसावरी कशाला?

सहा_तारा
अनवट, व्हिडिओ थोर आहे, वाद नाही. पण अल्बम नोव्हेंबर २००२ चा. रेकॉर्डिंग झालं तेव्हा ना व्हिडिओ होता, ना ते दोन मृत्यू. कान आणि डोळे वेगळे करायचे तर गाणं फक्त ऐका आणि डी वरून एफ वर लक्ष ठेवा.

गुळगुळीत_रेकॉर्ड
कॉर्डांइतकंच काय कापलं तेही महत्त्वाचं. मूळ गाणं ६ मिनिटं १३ सेकंदांचं, कॅशचं ३ मिनिटं ३८ सेकंदांचं. कडवी तेवढीच आहेत. मग अडीच मिनिटं गेली कुठे? मूळ गाण्याच्या शेवटी गिटारचा एक घणाघाती कॉर्ड कोसळतो आणि नंतर बराच वेळ नुसती खरखर विरत जाते. ती गेली, शिवाय मधल्या मोकळ्या जागा आवळल्या.

त्या कोसळण्याऐवजी इथे पियानो आहे. बेनमाँट टेंच पियानो-ऑर्गनवर, माइक कँपबेल आणि स्मोकी हॉर्मेल गिटारवर. दुसऱ्या ध्रुवपदात पियानोवर एकच सूर ठोकला जातो आणि त्याचा घाव वाढत जातो. शेवटी तर ध्वनिमुद्रणच फाटायला आल्यासारखं वाटतं. मग एकदम शांत. ड्रम कुठेच नाही.

शब्दांतला बदल एवढाच: मूळ ओळीत मुकुटाला एक शिवी चिकटलेली होती, कॅशने तो 'काट्यांचा मुकुट' केला. एका शब्दात ओळ थेट ख्रिस्ताकडे गेली. कॅश आयुष्यभर गॉस्पेल गात आला होता, त्याच्या तोंडी ते उपरं वाटत नाही. उलट सुईचा उल्लेख जसाच्या तसा ठेवला. एकोणतिशीच्या आतल्या रेझ्नरच्या तोंडी ती नशेची सुई होती. कॅशलाही गोळ्यांचं व्यसन होतं, पण सत्तरीतल्या आजारी माणसाच्या तोंडी ती आधी इस्पितळातली वाटते. न बदललेला शब्द बदललेल्या शब्दाहून जास्त काम करतो.

अनवट
सुईचा मुद्दा मान्य. व्हिडिओचा मी सोडत नाही. :)

मडगावचो
पात्रांव, कंट्रीचा धागा आणि जिम रीव्हज अजून आला नाही? गोव्यात कंट्री म्हटलं की आधी त्याचंच नाव निघतं.

त्याचं 'ही'ल हॅव टू गो' हेसुद्धा कव्हरच. १९५९ साली आधी बिली ब्राउनने रेकॉर्ड केलं होतं, पण ते चाललं नाही. त्याच वर्षी निर्माता चेट ॲटकिन्सच्या हाताखाली रीव्हजने ते केलं आणि १९६० मध्ये कंट्रीच्या यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाण्यातला माणूस फोनवर बोलतोय, पलीकडच्या बाईला फोन ओठांजवळ आण म्हणतोय. रीव्हज स्वतः मायक्रोफोनला ओठ लावल्यासारखा गायला. मजकूर नि माइक यांचं असं जमलेलं लग्न क्वचित बघायला मिळतं.

हे धागाकर्त्याच्या कामाचं आहे. ठरावीक दिशेने ऐकणारा माइक जवळ आणला की खालचे सूर आपोआप फुगतात. साध्या डायनॅमिक माइकपासून तीन-चार बोटांवर तोंड ठेवा, पण अगदी समोर नको. थोडं तिरपं, म्हणजे 'प'-'फ' चा फुत्कार आत जात नाही. मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा. आणि गळ्यातला जोर अर्ध्यावर आणा. हातभर लांबून गाऊन आवाज वाढवायला सांगितलात, तर शिट्टी वाजणार आणि खर्ज हरवणार.

झोपाळू_मांजर
मंडपातला साउंडवाला मात्र तुम्ही कुजबुजलात तरी इको चढवणारच. काट्यांचा मुकुट… कुट… कुट…

ठेकेदार
हाहा मांजर!

दुसऱ्या प्रश्नातलं तालवाद्य: 'हर्ट' ला घेऊच नका. गुळगुळीत_रेकॉर्ड म्हणाले तसं मुळातच ड्रम नाही. तबला आला की त्याचं भावगीत होणार. हात शिवशिवत असतील तर दुसऱ्या ध्रुवपदात डग्ग्यावर फक्त समेला एक बंद थाप. मीड नको.

ठेक्यावर उभं राहिलेलं कव्हर ऐकायचं तर क्रिस स्टेपल्टनचं 'टेनेसी व्हिस्की'. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांचं गाणं. १९८१ मध्ये डेव्हिड ॲलन को, १९८३ मध्ये जॉर्ज जोन्स, आणि २०१५ मध्ये स्टेपल्टन. त्याने शब्द कंट्रीचे ठेवले आणि खाली चाक बसवलं सोल संगीताचं. ए आणि बी मायनर, दोनच कॉर्ड, सहाच्या संथ झोक्यावर. एटा जेम्सचं 'आय'ड रादर गो ब्लाइंड' शेजारी ठेवून ऐका, चाकाचं माप कळेल. अल्बम मे मध्ये आला, पण गाणं उसळलं ते ४ नोव्हेंबर २०१५ ला सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांच्या मंचावर जस्टिन टिंबरलेकबरोबर गायल्यावर.

आपल्याकडे सहा मात्रा म्हटल्या की दादरा, आणि इथेच गाडी रुळावरून उतरते. दादऱ्यात चौथी मात्रा खालीची. आपला तबलजी तिथे डग्गा उचलून हात हलका करतो. तिकडचा ड्रमर नेमका त्याच चौथ्या मात्रेवर काठी आपटतो. म्हणजे आपली खाली हीच त्यांची भरी. धा धी ना, धा ती ना असा नेहमीचा दादरा लावलात, तर गायक पुढे पळतो आणि सगळं पाळण्याच्या गाण्यासारखं डुलायला लागतं. उपाय: पहिलीवर डग्गा, चौथीवर चाटेवर कडक 'ता', बाकीच्या चार मात्रा बोटांच्या टोकांनी जेमतेम ऐकू येतील अशा. एक आवर्तन साधारण अडीच सेकंदांचं. लग्गीचा मोह आवरा.

सहा_तारा
ठेकेदार, खाली-भरीचं फार नेमकं. कहोनवालेही (कहोन म्हणजे हाताने वाजवायचं लाकडी खोकं) हीच चूक करतात, सगळ्या सहा मात्रा सारख्या जोराने.

तालाचं निघालंच आहे तर: कॅशकडे सुरुवातीला ड्रमर नव्हताच. टेनेसी टू म्हणजे ल्यूथर पर्किन्सची गिटार आणि मार्शल ग्रँटचा बास. १९५६ च्या 'आय वॉक द लाइन' मध्ये स्नेअर ड्रमचा भास हवा म्हणून कॅशने गिटारच्या तारांखाली कागद घातला. घरी करायचं तर बोटभर रुंदीची जाड कागदाची पट्टी घ्या. एक तार वरून, एक खालून अशी सहा तारांतून विणा आणि ब्रिजच्या बाजूला सरकवा. फार पुढे आणली तर सूरच मरतो, फार मागे गेली तर काही फरक पडत नाही. वहीचा कागद लगेच फाटतो, लग्नपत्रिकेचा टिकतो.

हार्मोनियमवाली_काकू
म्हणजे तंबोऱ्याची जवारी उघडायला आपण दोरा घालतो, आणि गिटारचं तोंड बंद करायला हे कागद घालतात!

आता पेटीबद्दल. तीन सूचना.
भाता हलका, आणि कडव्यात पेटी नकोच. ध्रुवपदापासून आत या.
मागे षड्ज-पंचमाचा तंबोरा ॲप लावायचा मोह होईल. ए-ई ची ती जोडी ए मायनर, सी, डी, एफ या चारही कॉर्डांवर खपून जाते, पण जी वर ती चिखल करते. ध्रुवपदाची दर ओळ जी वरच टेकते, म्हणजे गोंधळ ऐन मोक्याला. तंबोरा कडव्यापुरता ठेवा किंवा ठेवूच नका.
दुसऱ्या ध्रुवपदात पियानोच्या जागी एकच सूर घ्यायचा तर कोमल गंधार, म्हणजे पांढरी एक. ए मायनर, एफ, सी या तिघांत तो आहे. जी वर तो घासतो, पण ते घासणं हवंसं आहे, पुढच्या ए मायनरवर सुटतं. बोट दाबून धरायचं नाही, एका ठोक्याला दोनदा असं ठोकायचं.

पट्टी ठरवताना वरचा सूर बघू नका, सगळ्यांत खालचा बघा. कडव्यातला खालचा सूर कुजबुजीतही स्पष्ट निघाला पाहिजे. तिथे नुसती हवा येत असेल तर कापो (गिटारच्या पडद्यांवर लावायचा चिमटा) दोन पडदे वर. बायकांच्या आवाजाला पाचव्या पडद्यावर कापो लावून बघा, षड्ज पांढरी दोनवर येतो, पकडी त्याच राहतात.

अवांतर: संगीत नाटकाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल: अमुक' असं सरळ छापायचे. उसनवारीची कबुली छापील, आणि तरी पद गाणाऱ्याच्या नावावर जमा!

नवा_भिडू
याचं मराठी भाषांतर करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? कव्हरला परवानगी लागत नाही असं ऐकलंय.

वकिली_चष्मा
थांबा. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी खिचडी होते.

अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून सक्तीचा परवाना आहे. गाणं एकदा प्रसिद्ध झालं की कुणीही ठरलेला दर भरून त्याचं नवं ध्वनिमुद्रण काढू शकतो. सीडी, तबकडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला हा दर २०२३ मध्ये १२ सेंट, २०२४ मध्ये १२.४, २०२५ मध्ये १२.७. मात्र चालीचा मूळ गाभा बदलता येत नाही.

भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१ सी. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. हे कव्हर आहे असं वेष्टनावर स्पष्ट लिहायचं. एखाद्या भाषेचा खप बघून किमान आकडा खाली आणायची सोय कायद्यात आहे.

भाषांतर यातल्या कशातच बसत नाही. शब्द बदलले की ते रूपांतर, त्याला मालकाची थेट परवानगी लागते. आणि व्हिडिओला चित्राशी जोडण्याचा हक्क वेगळा. यूट्यूबवर बहुतेकदा व्हिडिओ राहतो आणि कमाई मूळ प्रकाशकाकडे जाते. पण तो त्यांचा निर्णय असतो, तुमचा हक्क नव्हे.

नवा_भिडू
धन्यवाद. भाषांतर वहीतच ठेवतो.

गुळगुळीत_रेकॉर्ड
पैशांच्या बाजूने बघितलं तर सगळ्यांत सुंदर उदाहरण 'फास्ट कार'. ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं गाणं ल्यूक कोम्ब्जने २०२३ मध्ये जवळपास जसंच्या तसं गायलं. अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत, कंट्री एअरप्ले या रेडिओच्या यादीत पहिल्या. गीतकार म्हणून एकटं नाव चॅपमनचं. एकटीच्या लेखणीवर तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. अमेरिकेत साधं रेडिओ स्टेशन गीतकाराला पैसे देतं, गायकाला ध्वनिमुद्रणाचे देत नाही. म्हणजे गाणं रेडिओवर वाजलं की पैसा चॅपमनकडे.

कंट्री गायिका आणि गीतकार डॉली पार्टनने हे आधीच ओळखलं होतं. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' एल्व्हिसला गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचा अर्धा हक्क मागितला. बाईंनी नाही म्हटलं. पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गायलं तेव्हा तो हक्क पूर्ण बाईंकडे होता.

अनवट
पण 'फास्ट कार' मध्ये काहीच बदल नाही. मग त्यात कोम्ब्जचं असं काय? कॅशने निदान ट्रायटोन तरी काढला.

सहा_तारा
बदल केला नाही हाच निर्णय. दुकानात गल्ल्यावर काम करणारी मुलगी कोम्ब्जने मुलगीच ठेवली, पुरुष गातोय म्हणून लिंग फिरवलं नाही. फिरवलं असतं तर गाण्यातलं माणूसच गेलं असतं. गिटारची सुरावटही तीच. दुसऱ्या पडद्यावर कापो, आकार सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी. सुरावट षड्जाच्या कॉर्डवरून सुरूच होत नाही, चौथ्यावरून होते. म्हणून ती कायम निघण्याच्या तयारीत वाटते. नवशिके सी मेजर सेव्हनच्या जागी साधा सी धरतात. मोकळ्या दुसऱ्या तारेचा सूर गेला की गाडी सुरूच होत नाही.

झोपाळू_मांजर
डॉलीबाईंचं नाव निघालंच आहे म्हणून: 'जोलीन' ची ४५ ची तबकडी ३३ वर लावली की भारदस्त पुरुष गातोय असं वाटतं. जगातलं सगळ्यांत स्वस्त कव्हर. परवानगी लागते का हो, वकीलसाहेब?

वकिली_चष्मा
घरी लावा आणि घरीच ऐका.

ठेकेदार
सोबत गिटार वाजवायला जाल तर फसाल. ३३⅓ भागिले ४५ म्हणजे ०.७४. सूर पाच अर्धस्वर आणि आणखी थोडासा उतरतो. काळी एकचं गाणं काळी चारच्याही किंचित खाली जाऊन बसतं. तारा साधारण वीस सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरवल्याशिवाय जुळणार नाही.

खर्जातला_सा (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. यातून बसवणी अशी धरतोय, चुकत असेल तर सांगा.

पहिलं कडवं: एकटी गिटार, डी मेजर (डी मायनर नाही!), माइक तीन बोटांवर. पहिलं ध्रुवपद: पेटीचे लांब सूर, भाता हलका, एफ मेजर सेव्हन. दुसरं कडवं: पुन्हा एकटी गिटार, पेटी गप्प. दुसरं ध्रुवपद: पेटीवर पांढरी एक ठोकत चढायचं, समेला डग्ग्याची बंद थाप. तंबोरा नाही.

अडतंय एकाच जागी. पेटी चढत गेली की शेवटच्या ओळींत गाणाऱ्याचाही आवाज चढतो आणि ते ओरडणं वाटतं. कॅशचा आवाज तिथे मोठा वाटतो, पण चिरकत नाही. पेटी कमी करावी का?

हार्मोनियमवाली_काकू
पेटी कमी नको. गाणाऱ्याने माइकच्या आणखी जवळ जायचं आणि शब्द थोडे उशिरा टाकायचे, ठोक्याच्या अंमळ मागे. पेटी धावतेय आणि माणूस रेंगाळतोय असं झालं की जोर न लावताही आवाज मोठा वाटतो. आणि शेवटच्या शब्दाआधी पेटीचं बोट उचला, भाता नुसता बंद करू नका. भाता थांबवला तर उरलेल्या हवेवर सूर रडत मिटतो. बोट उचललं की कापल्यासारखा जातो आणि शेवटचा शब्द एकटा पडतो.